अठरा सह्यांमागची कवयित्री

1773 च्या सप्टेंबर महिन्यात लंडनमध्ये एक कवितासंग्रह बाहेर पडला. ‘पोएम्स ऑन व्हेरियस सब्जेक्ट्स, रिलिजस अँड मॉरल’ हे त्याचे नाव. धार्मिक आणि नीतिपर कवितांचे संग्रह त्या काळी नवलाचे नव्हते. हा संग्रह उघडल्यावर मात्र कविता लगेच हाती लागत नसत. आधी कवयित्रीचे चित्र, मग एका उमराव स्त्रीच्या नावे अर्पणपत्रिका, मग प्रस्तावना, त्यानंतर कवयित्रीच्या मालकाचे पत्र आणि शेवटी जनतेला उद्देशून केलेले एक निवेदन. या कविता फिलिस नावाच्या गुलाम मुलीनेच लिहिल्या आहेत, काही वर्षांपूर्वी ती आफ्रिकेतून रानटी अवस्थेत इथे आणली गेली, जाणत्या परीक्षकांनी तिला तपासले आणि या कविता लिहायला ती समर्थ असल्याची त्यांची खात्री पटली, असा त्या निवेदनाचा आशय. खाली बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांची नावे. गव्हर्नर थॉमस हचिन्सन, लेफ्टनंट गव्हर्नर अँड्र्यू ऑलिव्हर, बडा व्यापारी जॉन हॅनकॉक, चार्ल्स चॉन्सी आणि मॅथर बाइल्स यांच्यासारखे धर्मोपदेशक, आणि अठरावे नाव खुद्द मालकाचे, जॉन व्हीटली.

हचिन्सन राजाचा माणूस, हॅनकॉक राजाविरुद्ध उठलेल्यांपैकी. वर्षभरात हचिन्सनला बॉस्टन सोडून इंग्लंड गाठावे लागले आणि 1776 मध्ये हॅनकॉकची सही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पहिली पडली. एकमेकांच्या जिवावर उठलेली ही माणसे एका गोष्टीवर मात्र एकत्र आली. विशीच्या उंबरठ्यावरच्या एका काळ्या मुलीने कविता लिहिली, यावर त्यांच्या सहीशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही, हे सगळ्यांनाच मान्य होते.

फिलिस व्हीटलीला हे पान जन्मभर चिकटले आणि मेल्यावरही सुटले नाही. प्रत्येक पिढीने तिच्याकडे नवी साक्ष मागितली. गोऱ्यांनी विचारले, ही खरेच कविता आहे का? गुलामगिरीच्या विरोधकांनी तिला पुरावा म्हणून सभांतून मिरवले. पुढे काळ्या समीक्षकांनी विचारले, ही खरेच आपली आहे का? आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीचे इंग्रजीत छापलेले हे पहिले कवितांचे पुस्तक. त्यामुळे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तिला जागा मिळाली. कवितेच्या वाचकांनी मात्र तिला क्वचितच निवांत वाचले. तिला या आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढावे आणि ती लिहिताना काय करत होती ते पाहावे, एवढ्यासाठी हे चरित्र लिहिले आहे.

11 जुलै 1761 रोजी ‘फिलिस’ नावाचे गुलामवाहू जहाज बॉस्टन बंदराला लागले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या माणसांत एक हडकुळी मुलगी होती. अंगावर गालिच्याचा एक मळका तुकडा गुंडाळलेला. समोरचे दुधाचे दात पडले होते, म्हणून तिचे वय सात धरले गेले. तिच्या वयाचा दाखला एवढाच. शिंपीकाम करणाऱ्या आणि व्यापारातही जम बसवलेल्या जॉन व्हीटलीने बायकोच्या, सुझॅनाच्या हाताखाली म्हणून तिला विकत घेतले. जहाजाचे नाव तिला दिले आणि मालकाचे आडनाव लावले. आईबापांनी ठेवलेले नाव कुणी विचारले नाही, कुणी लिहून ठेवले नाही.

आपल्या मुलखातली एकच आठवण ती सांगत असे. आई रोज सकाळी उगवत्या सूर्यासमोर पाणी ओतायची. सुझॅनाच्या नात्यातल्या मार्गारेटा ओडेल यांनी 1834 मध्ये फिलिसची हकिगत लिहिली, तीत हे येते. ओडेलबाईंच्या सगळ्याच गोष्टी डोळे मिटून घेण्यासारख्या नाहीत, याबद्दल पुढे बोलायचेच आहे. पण ही आठवण खरी असावी असे मला मनापासून वाटते. बॉस्टनच्या कडव्या ख्रिस्ती घरात कुणी ती बनवून सांगावी, असे काही कारण दिसत नाही. आपल्याकडे सूर्याला अर्घ्य देणाऱ्या आया घरोघर पाहिलेल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. फिलिसच्या कवितेत पहाट, सूर्य आणि प्रकाश पुन्हा पुन्हा येतात. अभ्यासक त्याचे मूळ लॅटिन काव्याच्या संकेतांत शोधतात. ते बरोबरही आहे. पण संकेतांच्या गर्दीतून कवी आपल्याला हवा तोच उचलतो.

किंग स्ट्रीटवरच्या त्या घरात सुझॅनाची मुलगी मेरी हिने फिलिसला लिहावाचायला शिकवले. सोळा महिन्यांत ती बायबलचे अवघड उतारे वाचू लागली, असे जॉन व्हीटलीने आपल्या पत्रात लिहिले आहे. मग लॅटिन, मग ओव्हिड, मिल्टन, पोप. त्या काळी बॉस्टनमधल्या बऱ्या घरच्या गोऱ्या मुलींनाही इतके शिक्षण मिळत नसे. तिला जड कामे सांगितली जात नसत. रात्री काही सुचले तर लिहिता यावे म्हणून तिच्या खोलीत दिवा आणि शेकोटी ठेवायची मुभा होती. याला उपकार म्हणायचे का, हा प्रश्न वाचकाला पडेल. मला त्याचे उत्तर सरळ द्यायचे आहे: नाही. सुझॅनाचा तिच्यावर जीव होता, हे फिलिसच्या स्वतःच्या पत्रांतून दिसते. पण याच घरातल्या इतर गुलामांशी तिला मिसळू दिले जात नव्हते, आणि पाहुण्यांच्या टेबलावरही तिची जागा वेगळी असे. ती कुणाचीच नव्हती. ज्या एका मैत्रिणीशी ती बरोबरीने बोलू शकली ती ओबर टॅनर, न्यूपोर्टमधली तिच्यासारखीच गुलाम बाई. त्या दोघींचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला.

तिची पहिली छापील कविता डिसेंबर 1767 मध्ये ‘न्यूपोर्ट मर्क्युरी’ या वृत्तपत्रात आली, वादळातून वाचलेल्या दोन प्रवाशांवर. नाव झाले ते 1770 मध्ये. जॉर्ज व्हाइटफील्ड या गाजलेल्या धर्मप्रचारकाचा त्या वर्षी सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समध्येच मृत्यू झाला आणि सतरा वर्षांच्या फिलिसने लिहिलेली विलापिका एकपानी पत्रक म्हणून छापली गेली. ती बॉस्टनहून इतर गावी गेली आणि लंडनलाही पोचली. व्हाइटफील्ड हा हंटिंग्डनच्या काउंटेसचा धर्मगुरू होता. तिच्याच आश्रयाने पुढे संग्रह निघाला.

विलापिका हा फिलिसचा हातखंडा प्रकार. कुणाचे तान्हे मूल गेले, कुणाचा नवरा, कुणा पाद्र्याची बायको, की तिच्याकडे कविता मागितली जाई. या कविता आजच्या वाचकाला एकसारख्या वाटतात: गेलेला जीव स्वर्गात सुखात आहे, मागे राहिलेल्यांनी शोक आवरावा. मलाही त्या सलग वाचवत नाहीत. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बॉस्टनमधल्या प्रतिष्ठित घरांत दुःखाच्या क्षणी एक गुलाम मुलगी शब्दांनी शिरत होती आणि तिथल्या आईबापांना ‘आता रडू नका’ असे अधिकाराने सांगत होती. जिला स्वतःच्या आईबापांसाठी रडायची सोय नव्हती, तिने हे सांगणे!

1772 मध्ये बॉस्टनमध्येच पुस्तक काढायचे ठरले. आगाऊ वर्गणीदार मिळवण्यासाठी वृत्तपत्रात जाहिरात दिली, तीत अठ्ठावीस कवितांची यादी होती. ही यादी मी पुन्हा पुन्हा पाहतो. तीत इंग्रज फौजा बॉस्टनमध्ये उतरल्याची कविता आहे. 5 मार्च 1770 च्या संध्याकाळी किंग स्ट्रीटवर, म्हणजे व्हीटलींच्या रस्त्यावरच, सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, त्यावरची कविता आहे. त्याच्या काही दिवस आधी गोळीने मेलेल्या एका लहान मुलावरची कविता आहे. म्हणजे ही मुलगी स्वर्ग आणि सद्गुण एवढ्यावरच लिहीत नव्हती; दाराबाहेर पेटलेल्या शहरावरही लिहीत होती. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत. हस्तलिखित लंडनला गेले आणि इंग्रज वाचकाला झोंबतील अशा या कविता संग्रहातून गळल्या. फिलिस व्हीटली म्हणजे देवाधर्माची मऊ कवयित्री, ही समजूत पुष्कळ अंशी या गाळणीतून तयार झाली आहे.

गाळणीतूनही जे निसटले ते पाहण्यासारखे आहे. संग्रहातली पहिलीच कविता रोमन काळातल्या मिसीनस या काव्याश्रयदात्याला उद्देशून आहे. होमर, व्हर्जिल यांची नावे घेत ती टेरेन्स या नाटककारापाशी थांबते, आणि टेरेन्स जन्माने आफ्रिकी होता, अशी तळटीप तिथे दिली आहे. अठरा सह्यांचे निवेदन संपून पान उलटले की वाचकाची गाठ या तळटिपेशी पडते. मोठ्या काव्याच्या परंपरेत आफ्रिकी माणूस आधीपासून बसलेला आहे, हे तिने पहिल्याच कवितेत नोंदवून टाकले. निवेदनातल्या ‘रानटी’ या शेऱ्याला यापेक्षा नेमके उत्तर देता आले नसते.

दुसरी जागा डार्टमथवरच्या कवितेतली. अर्ल ऑफ डार्टमथ 1772 मध्ये अमेरिकी वसाहतींचा मंत्री झाला. वसाहतींना त्याच्याकडून आशा होत्या. एका इंग्रज अधिकाऱ्याने व्हीटलींच्या घरी येऊन फिलिसची परीक्षा पाहण्यासाठी याच विषयावर कविता मागितली. तिने ती लिहून दिली. सुरुवात दरबारी थाटाची, मंत्र्याची स्तुती, स्वातंत्र्याची पहाट. मग मध्येच ती मंत्र्याला म्हणते की माझे स्वातंत्र्यावर एवढे प्रेम का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे असेल. आणि सांगते की मला लहानपणीच माझ्या देशातून हिसकावून आणले, माझ्या बापाच्या काळजाचे काय झाले असेल, आणि ज्याने लेकराला बापापासून तोडले त्याचे मन कसल्या पोलादाचे असेल. हे सोसल्यावर दुसऱ्या कुणावर जुलूम होऊ नये असे मी मागणारच, असा तिचा युक्तिवाद. वसाहतीचे पुढारी कर लादणाऱ्या इंग्लंडला ‘आम्हाला गुलाम करू नका’ म्हणून बजावत होते. गुलामी म्हणजे काय ते तिने त्यांच्याच कवितेत, त्यांच्याच छंदात सांगितले. पोपच्या घाटाची, दोन-दोन ओळींची यमकबद्ध चाल तिने किती ताब्यात ठेवली होती, ते इथे कळते. स्तुतीचा सूर जराही न सोडता ती हे सगळे बोलून जाते.

1773 च्या मे महिन्यात मालकाचा मुलगा नथॅनियल याच्याबरोबर ती लंडनला निघाली. तिथे तिचे कौतुक झाले. डार्टमथने पोपच्या ग्रंथांसाठी पाच गिनी दिल्या, बेंजामिन फ्रँकलिन भेटून गेले. तिला लंडनचा टॉवर दाखवायला नेले ग्रॅनव्हिल शार्प यांनी. हे शार्प म्हणजे सॉमरसेट खटल्यामागचा माणूस. वसाहतीतून इंग्लंडमध्ये आणलेल्या गुलामाला मालक जबरदस्तीने परत नेऊ शकत नाही, असा निकाल लॉर्ड मॅन्सफील्डने जून 1772 मध्ये त्या खटल्यात दिला होता. फिलिस लंडनमध्येच राहिली असती तर कायदा तिच्या बाजूने उभा राहिला असता. सुझॅना आजारी असल्याचे कळल्यावर ती पुस्तक छापून होण्याआधीच परत फिरली. भाबडेपणाने परतली असे मात्र समजू नये. त्याच ऑक्टोबरात तिने डेव्हिड वूस्टर यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. इंग्लंडमधल्या मित्रांच्या इच्छेवरून मालकाने मला मुक्त केले, असे ती सांगते. पुढे ती लिहिते की मुक्तीचा दस्त मालकाच्या वारसांना माझ्यावर किंवा माझ्या मिळकतीवर हक्क सांगता येणार नाही असा केला आहे आणि त्याची नक्कल लंडनला इझ्रायल मॉड्यूट यांच्याकडे पाठवली आहे. मग पुस्तकांच्या विक्रीची गोष्ट: निम्मे उत्पन्न माझे आहे, तेव्हा आपल्या गावात गिऱ्हाईक मिळवून द्या आणि छापखानेवाल्यांना परस्पर छापू देऊ नका. वीस वर्षांच्या मुलीने आपल्या स्वातंत्र्याचा कागद समुद्रापलीकडे, सुरक्षित हाती ठेवला. पूर्ण चरित्रात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा दस्तऐवज.

तिची पुस्तके नोव्हेंबरअखेर ज्या जहाजातून बॉस्टनला आली त्याचे नावही ‘डार्टमथ’. त्याच जहाजात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा होता. बंगालमध्ये 1770 च्या दुष्काळाने हाहाकार माजला होता, कंपनीची तिजोरी खालावली होती आणि लंडनच्या वखारींत चहा पडून होता. तो अमेरिकेत खपवण्यासाठी पार्लमेंटने 1773 मध्ये कायदा केला. 16 डिसेंबरच्या रात्री बॉस्टनकरांनी तीन जहाजांवरच्या 342 पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या. आपला बंगाल, चीनचा चहा आणि आफ्रिकेतून पळवलेल्या मुलीच्या कविता अशा एका सत्तेच्या मालवाहतुकीत एकत्र आल्या होत्या. फिलिसची पुस्तके बचावली.

1774 च्या मार्चमध्ये सुझॅना गेली. त्याच महिन्यात कनेक्टिकटच्या वृत्तपत्रात फिलिसचे एक पत्र छापून आले. ते तिने मोहिगन जमातीतले धर्मोपदेशक सॅमसन ओकम यांना लिहिले होते. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात देवाने स्वातंत्र्याची ओढ घातली आहे, असे त्यात ती म्हणते, आणि तोंडाने स्वातंत्र्याचा घोष करत दुसऱ्यांना दाबून ठेवणाऱ्यांची विसंगती उघडी करते. मुक्त झाल्यावर ती इतके स्पष्ट बोलली. जिला कवितेत दबलेली म्हणतात, तिचे हे पत्र आधी वाचावे.

मग युद्ध आले. 1775 च्या ऑक्टोबरात तिने जॉर्ज वॉशिंग्टन यांना कविता पाठवली. त्यांनी फेब्रुवारीत आदराने उत्तर दिले आणि छावणीत भेटायला बोलावले. थॉमस पेन यांच्या ‘पेन्सिल्व्हेनिया मॅगझिन’मध्ये ती कविता छापली गेली. पण आश्रयदाते पांगले. 1778 मध्ये जॉन व्हीटली वारला, मेरीही गेली. त्याच वर्षी फिलिसने जॉन पीटर्स या मुक्त काळ्या माणसाशी लग्न केले. ओडेलबाईंनी पीटर्सला आळशी आणि गर्विष्ठ ठरवले, आणि पुढे सगळ्यांनी तेच गिरवले. अलीकडे कोर्टाचे जुने कागद तपासले गेले तेव्हा धंदा करू पाहणारा, मिडलटन गावी जमिनीच्या भांडणात अडकलेला आणि गोऱ्या शेजाऱ्यांशी कायद्याने झगडणारा माणूस पुढे आला. लढाईनंतरच्या मंदीत गोऱ्या दुकानदारांचेही दिवाळे निघत होते. व्हीटलींच्या गोतावळ्यातल्या बाईने काळ्या नवऱ्याबद्दल लिहिलेले तेवढे खरे, असे धरून चालायचे कारण नाही.

1779 मध्ये तिने दुसऱ्या संग्रहाची जाहिरात दिली. तेहतीस कविता, तेरा पत्रे, अर्पण बेंजामिन फ्रँकलिन यांना. वर्गणीदार या वेळीही मिळाले नाहीत. 5 डिसेंबर 1784 रोजी ती गेली, वय सुमारे एकतीस. त्यानंतर पीटर्सने वृत्तपत्रात जाहिरात दिली: माझ्या पत्नीच्या कवितांचे हस्तलिखित ज्याने वाचायला नेले असेल त्याने परत करावे. ते परत आले नाही.

थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियावरच्या आपल्या ग्रंथात तिच्या कविता टीकेच्याही लायकीच्या नाहीत असा शेरा मारला. नावही चुकीचे लिहिले. शंभर-दीडशे वर्षांनी काळ्या समीक्षकांचा राग निघाला तो आफ्रिकेतून अमेरिकेत आणले जाण्यावरच्या तिच्या आठ ओळींच्या कवितेवर. तीत ती या येण्याला देवाची दया म्हणते. हा राग मी समजू शकतो. पण ती कविता लिहिताना ती पंधराएक वर्षांची होती, मालकाच्या घरात होती, आणि त्याच आठ ओळींच्या शेवटी ती ख्रिस्ती वाचकांना बजावते की काळी माणसेही तुमच्याबरोबर स्वर्गाच्या रांगेत उभी राहू शकतात. 1973 मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन इथे मार्गारेट वॉकर यांनी फिलिसच्या संग्रहाच्या द्विशताब्दीला काळ्या कवयित्रींचा उत्सव भरवला, तेव्हापासून वारे फिरले. ऍलिस वॉकर, जून जॉर्डन यांनी तिच्यावर मायेने आणि परखडपणे लिहिले.

मराठीत या चरित्राची गरज काय, असे कुणी विचारील. फिलिसचा संग्रह निघाला त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्याच्या एकोणीस वर्षे आधी सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ निघाला होता. ज्ञानाचा अधिकार नाकारलेल्या स्त्रीने हाती लेखणी घेतली की तिच्याभोवती कसल्या चौकशा उभ्या राहतात, हे सावित्रीबाईंच्या मुलखातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

संग्रहाच्या सुरुवातीचे चित्रही या पुस्तकात घेतले आहे. ते सिपिओ मूरहेडने काढले असे मानतात. तो पाद्री जॉन मूरहेड यांच्या घरचा गुलाम, आणि ते पाद्रीही अठरा सह्यांपैकी एक. सिपिओच्या चित्रकलेवर फिलिसची एक कविता आहे. चित्राभोवतीच्या गोल पट्टीत तिची ओळख जॉन व्हीटलींची चाकर अशीच कोरली आहे. आत मात्र ती टेबलाशी बसली आहे, हातात लेखणी, पुढे कागद आणि दौत, दुसरा हात गालाला. ती कुणाकडे पाहत नाही. पुढची ओळ शोधते आहे.

पुस्तकातला क्रम काळानुसार ठेवला असला तरी वाचकाने तो पाळलाच पाहिजे असे नाही. माझी सूचना अशी: ओकम आणि वूस्टर यांना लिहिलेली पत्रे आधी वाचावीत, मग डार्टमथची कविता, मग टेरेन्सवाली. ओबर टॅनरला लिहिलेली पत्रे एका बैठकीत वाचावीत. विलापिका थोड्या थोड्या घ्याव्यात. आठ ओळींची ती वादग्रस्त कविता सगळ्यात शेवटी.